शेरा

सेलूत, स्टेशन रोडला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी तारखा वेचते.
ओळीला बारा पैसे.
शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं
कुणीतरी घाईघाईनं टाइप करून दिलीत,
रकाने एकमेकांत घुसलेले,
बाजार उठताना पोत्यापोत्यांतलं धान्य मिसळावं तसे.

पहिल्या दिवशी साधा पॅटर्न लिहिला :
दोन आकडे, तिरकी रेघ, दोन आकडे, तिरकी रेघ, चार.
शून्य ते नऊ हे इंग्रजीत सांगितलं,
तर देवनागरीतली सगळी पोरं गैरहजर.
उलटी रेघ आणि डी टाकला
तेव्हा कुठं पायथनला ७ हा सात वाटला.
मग जाळ्यात आले
गट नंबर, फीच्या पावत्या,
आणि ३१ फेब्रुवारीला जन्मलेला एक मुक्तीराम.
त्याला प्रोग्रामनं नाकारलं.
मी वेगळ्या फाइलीत ठेवलाय.

३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च?
लिहिणारे किशनबाबू वारले, त्याला वीस वर्षं झाली.
दिवस आधी, महिना मग, असं मीच ठरवलं
आणि चहा प्यायला खाली गेले.

दुपारी मोजणी केली.
दोन हजार तीनशे चौदा नावं,
त्यातली अठराशे दोन एक जूनची.
लूप अडकलं म्हणून दोन तास कोड उसवला,
मग पर्समधलं माझंच आधार कार्ड आठवलं.

बग नव्हता. लिंबाजी मास्तर होते.
पोराचा उजवा हात डोक्यावरून घेऊन
डाव्या कानाला लागतो का बघायचे.
लागला की सहा वर्षं पूर्ण.
शाळा जूनची, म्हणून जन्म जूनचा.

पण माणूस मनातून अस्वस्थ असावा.
शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात,
आईबापानं सांगितलेलं तो लिहून ठेवायचा :
धुरपता. ज्वारी हुरड्यात आली होती.
शेख महेमूदा. थोरलीच्या पाठीवर दोन पोळे गेल्यावर.
सटवा. माय खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, त्या साली.
हैबती. सन १३५७ फसली, खुर्दाद.
(बापाच्या सांगण्यावरून. बाप थोडा ऐकायला कमी.)

फसली सोपं निघालं.
पाचशे नव्वद मिळवायचे,
इसफंदारपासून पुढं पाचशे एक्याण्णव.
हैबती एप्रिल अठ्ठेचाळीसचा.
पोळ्यासाठी मोंढ्याजवळच्या रद्दीवाल्याकडून
जुनी पंचांगं आणली, किलोच्या भावानं,
आणि एक फंक्शन लिहिलं, नाव ठेवलं पोळा.
त्याला साल द्या, ते श्रावणातली अमावस्या देतं.
हुरड्याला मात्र तारीख देता येईना.
हुरडा महिनाभर असतो,
आणि दूधनेच्या अलीकडे आधी, पलीकडे नंतर.

कंत्राटात "अंदाजे" असा रकाना नाही.
एक तारीख हवी, नाहीतर मोकळी जागा.
धुरपताची जागा मी तीनदा भरली
आणि तीनदा पुसली.
छत्तीस पैसे झाले असते तेवढ्यात.

रात्री आईला फोन केला.
माझी खरी तारीख कोणती गं?
आई म्हणाली, काय म्हाईत बाई,
लाइट गेलती,
आन् कडूबाईची म्हैस त्याच राती व्याली,
समदी बाया तिकडंच.
एकटी सुईन व्हती माझ्यापाशी,
तीबी मधूनच उठून रेडकू बघून आली.

हे वाक्य जसंच्या तसं
मी प्रोग्रामला दिलं.
त्यानं ते पूर्ण वाचलं, एका क्षणात,
आणि काहीच परत केलं नाही.

उद्या रविवार.
गावाकडे जाते.
कडूबाई अजून आहे, ऐकू येतं तिला,
आणि दुधाचा हिशेब ती भिंतीवर
कोळशानं लिहायची म्हणे,
रेघांनी,
म्हैस व्याल्या दिवसापासून.
भिंतीला चुना लागला नसला म्हणजे झालं.